वाचणारीनं अर्थ सांगू नये

आमच्या घरी बायबल आलं ते वाळवीमुळं. ऐकणारे हसतात, पण खरं तेच आहे. आषाढात आमच्याकडे पोथी लागायची ती कार्तिकात संपायची, आणि त्या वर्षी माळ्यावरून गाठोडं खाली काढलं तर लाल कापडाच्या आत नुसता भुगा. बाबा त्या भुग्याकडे असे बघत बसले की जणू घरातलं माणूस गेलं. पोथीविना चातुर्मास म्हणजे त्यांच्या लेखी मिठाविना वरण. नवी आणायला तालुक्याला जावं, तर भाताची रोवणी ऐन भरात आलेली, माणूस रिकामं नाही. तेवढ्यात केशोरीच्या दवाखान्यातली सिस्टरबाई पोरांना लस टोचायला गावात आली आणि आमच्या सपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत, घटकाभर टेकली. ती ख्रिस्ती होती, नागपूरकडची. बाबांनी तिला आपलं दुःख सांगितलं. पुढच्या फेरीला तिनं एक जाड काळं पुस्तक आणून दिलं आणि म्हणाली, "ही आमची पोथी काका. मराठीतच आहे, वाचून पाहा." बाबांनी ती दोन्ही हातांनी तोलून पाहिली आणि त्यांचा चेहरा उजळला. एवढी जाड पोथी आसपासच्या पाच गावांत कोणाकडे नव्हती.

पुस्तक देवघरात गेलं. त्याला हळदकुंकू लागलं, नवं लाल कापड आलं. पुस्तक देणारीला मात्र चहा दिला तो दांडी तुटलेल्या कपात. तो कप सांदवाडीच्या, म्हणजे परसाच्या, कुडावर पालथा पडलेला असायचा, बाहेरच्या माणसांसाठी. हे आमच्या घरात कोणालाच विचित्र वाटलं नाही. मलाही नाही. आता वाटतं असं लिहून मोठेपणा घ्यायचा, तर तो फुकटचा होईल. मी जन्मभर शाळेत मुलांचे कान पिळले आहेत, स्वतःचा पिळताना हात आखडता घेणार नाही.

सिस्टरबाईनं जाताना बाबांना समजावलं होतं. "काका, हे एक पुस्तक नाही. पुष्कळ पुस्तकं एकत्र शिवलेली आहेत. शेकडो वर्षं, वेगवेगळ्या हातांनी लिहिलेली. कोणी राजा होता, कोणी मेंढरं राखणारा, कोणी कैदेतून चिठ्ठ्या पाठवल्या, त्यासुद्धा आत आहेत. पहिला भाग यहुदी लोकांचा, फार जुना. तुम्ही दुसऱ्या भागापासून सुरू करा. तिथं येशूची गोष्ट आहे, चौघांनी सांगितलेली."

"चौघांनी एकच गोष्ट? मंग तिघं खोटे असतीन."

"चौघांनी आपापल्या परीनं सांगितली, काका."

"ते राहू द्या. पोथी मधातून उघडत नाई, बाई. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचा लागते. नाईतर घराले लागते."

आणि तिथंच सगळं ठरलं.

पोथी वाचायची आमची रीत अशी, की एकानं वाचायचं आणि दुसऱ्यानं अर्थ सांगायचा. वाचणाऱ्यानं एक अक्षर गाळायचं नाही, एक पदरचं घालायचं नाही, आणि अर्थ तर मुळीच सांगायचा नाही. तो मान वडीलधाऱ्याचा. बाबांच्या एका डोळ्यात फूल पडलेलं, दुसरा अधू. म्हणून नववीत जाणारी मी वाचणारी झाले आणि अर्थ बाबांचा. माझा आवाज खणखणीत होता, उच्चार स्वच्छ. बाबा शेजाऱ्यांना सांगायचे, "माही बेबी वाचते तं असं वाटते का देवच बोलून राहिला." त्या एका वाक्यासाठी मी काय वाटेल ते वाचलं असतं. तसं वाचलंही.

दिवेलागण झाली की सपरीत चटया पडायच्या. भाताच्या बांध्यांमध्ये बेडकं कोकलत असायची, गोठ्यात म्हैस शेपटीनं डास हाकलायची, चुलीवरून अंबाडीच्या भाजीचा आंबूस वास यायचा आणि वर कौलांवर पावसाची झड. सृष्टी सहा दिवसांत झाली हे बाबांना फार घाईचं वाटलं. महापुराची गोष्ट मात्र इतकी आवडली की दोनदा वाचवून घेतली. म्हाताऱ्या बापानं देवाच्या सांगण्यावरून पोटच्या पोरावर सुरी उचलली, तिथं माय ताडकन उठली. "असा कसा देव, बाप्पा! लेकराले मागते?" म्हणाली आणि भाकऱ्या थापायला निघून गेली. बाबांनी अर्थ सांगितला, "देव परीक्षा पाह्यते. बाईच्या जातीले ते समजत नाई."

मग नियम सुरू झाले. कोणतं जनावर चालतं, कोणतं नाही, चरबी कुठं जाळायची, रक्त कुठं शिंपडायचं. शेजारी एकेक करून यायचे बंद झाले. बाबांना उलट हुरूप चढला. त्यांना ते सगळं ओळखीचं वाटत होतं. घराच्या भिंतीला बुरशी आली तर दगड काढून टाका, भिंत खरवडा, असा एक नियम निघाला. आता आमच्या झाडीपट्टीत श्रावणात कोणाच्या भिंतीला बुरशी नसते? पण बाबांनी दोन दिवस सगळ्यांना भिंती खरवडायला लावल्या. मग बाईच्या विटाळाचं पान आलं. आमच्याकडे चार दिवस बाहेर बसायची पद्धत होती. पुस्तकात सात होते. बाबांनी सात केले. माय, वहिनी आणि मी, तिघींनी गोठ्याच्या बाजूला पाळीपाळीनं सात-सात दिवस काढले. माझ्या पाळीत वाचन बंद पडायचं म्हणून बाबा माझ्यावरच चिडायचे.

वहिनी म्हणजे सुमन. माझ्या भावाची, दादाची बायको. लग्नाला वर्ष झालं होतं. दादा गोंदियाला भाताच्या मिलमध्ये कामाला, पंधरवड्यातून एकदा घरी यायचा. वहिनी माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी. कोचईच्या, म्हणजे अळूच्या, पानांच्या वड्या अशा करायची की बाबासुद्धा बोट चाटायचे. सांगून टाकते, मला ते खपायचं नाही. पण दुपारी सगळे बांधीत गेले की माझ्या डोक्यातल्या उवा तीच काढायची आणि माझ्या फालतू गोष्टी तीच ऐकायची. तिच्याचसमोर मी लपून ते पुस्तक मधातूनच उघडायची. एका दुपारी मला ती गोष्ट सापडली. एका बाईला परपुरुषासोबत धरून लोक ओढत आणतात, दगड हातात घेऊन उभे राहतात, आणि येशू खाली बसून बोटानं मातीत काहीतरी लिहितो. मग म्हणतो, ज्यानं कधीच पाप केलं नाही त्यानं पहिला दगड मारावा. एकेक जण निघून जातो.

वहिनीच्या हातातली फणी थांबली. "कोणीच नाई मारला?"

"कोणीच नाई."

"लय चांगली गोष्ट आहे, बेबी. हे कधी येईन वाचनात?"

"लय पुढं आहे. दिवाळी होईन."

भादव्यात वहिनी माहेरी गेली, आमच्याच भागातल्या प्रतापगडाजवळच्या गावी. परतताना नाल्याला पूर आला, केशोरीहून पुढची गाडी निघालीच नाही. सिस्टरबाईनं तिला आपल्या क्वार्टरमध्ये नेलं, अंड्याची भाजी आणि भात वाढला, झोपायला स्वतःची चादर दिली. सकाळी वहिनी घरी आली आणि ख्रिस्तावाच्या घरी जेवलेलं लपवायला म्हणून सांगितलं, माहेरूनच आज निघाले. खरं फक्त मला सांगितलं. मला सांगायला तिला भीती नव्हती, कारण शाळेतून येताना मीही त्या घरी दोनदा अंडी खाल्ली होती. आम्ही दोघी तोंडावर हात ठेवून हसलो.

आठ दिवसांनी गावातल्या एका माणसानं बाबांना सहज विचारलं, "तुमची सून त्या दिवशी सांजच्या पाह्यरी केशोरीत उतरली, मंग रात्री होती कुठं?" बस्स. बाबांनी दोन दिवस कोणाशी बोलणं टाकलं. तिसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांना सपरीत बोलावलं. दादा आदल्या दिवशीच गावी आला होता, तो खांबाला टेकून जमिनीकडे बघत उभा राहिला.

"कुठं होती?"

वहिनीनं खरं सांगितलं. बाबा म्हणाले, "एकडाव खोटी बोलली. आता दुसऱ्यांदा बोलून राहिली."

"सिस्टरबाईले विचारा, बाबाजी."

सिस्टरबाई ट्रेनिंगला नागपूरला गेलेली, पंधरा दिवसांशिवाय येणार नव्हती. माय चाचरत म्हणाली, "येऊ द्या ना तिले. घाई कायची आहे?" बाबा तिच्यावर खेकसले, "त्या ख्रिस्तावाच्या शब्दावर मी सून घरात ठेवू? पोथी आहे ना घरात!"

कारण आम्ही नेमके त्या पानावर येऊन गेलो होतो. चौथं पुस्तक. नवऱ्याला बायकोचा संशय आला, साक्षीदार नसला, तर काय करायचं त्याचा विधी. तिला देवापुढं उभं करायचं, केस मोकळे सोडायचे, हातावर जवाच्या पिठाचं अर्पण ठेवायचं. देवाच्या मंडपाच्या जमिनीवरची धूळ पाण्यात टाकायची, शाप लिहून ते अक्षर त्याच पाण्यात धुवायचं आणि ते कडू पाणी तिला पाजायचं. दोषी असली तर पोट फुगेल, मांडी झडेल. निर्दोष असली तर काही होणार नाही, उलट लेकरं होतील.

वहिनीनं माझ्याकडे बघितलं. मी पुस्तकाकडे बघितलं.

मी का बोलले नाही, याची तीन कारणं मी स्वतःला देत आले. एक, अंडी. माझंही बिंग फुटलं असतं, शाळा बंद झाली असती. दोन, मला खरंच वाटत होतं की पोथी खोटं बोलणार नाही. वहिनी निर्दोष आहे हे मला ठाऊक होतं, म्हणजे तिला काहीच होणार नाही, मग मी तोंड कशाला घालू? उलट सगळ्यांसमोर ती सुटेल. तिसरं कारण मी कधी कोणाला सांगितलं नाही. मला बघायचं होतं. पुस्तकातली गोष्ट आपल्या सपरीत घडणार आणि ती मी वाचणार, याची मला गंमत वाटत होती.

जवाचं पीठ नव्हतं, तांदळाचं घेतलं. शाप मी लिहिला, शाळेच्या वहीच्या पानावर, निळ्या शाईनं, वळणदार. माझं अक्षर गावात नावाजलेलं होतं. मंडप म्हणजे आमचं देवघर असा बाबांनी अर्थ लावला आणि तिथल्या कोपऱ्यातली चिमूटभर माती आणायला सांगितली. देवघराची भिंत गोठ्याला लागून. पावसाळाभर त्या कोपऱ्यात म्हशीचं मूत पाझरायचं. माती ओली होती, वास मारत होती. मीच आणली.

मग माय पुढं झाली आणि तिनं वहिनीच्या डोक्यावरचा पदर काढला, अंबाडा सोडला. वर्षभरात बाबांनी सुनेचं कपाळसुद्धा नीट पाहिलं नव्हतं, आणि आता ती सासऱ्यापुढं उघड्या डोक्यानं, केस सोडून, हातात पीठ घेऊन उभी होती. लाजेनं तिची मान वर होईना. मायनं पोथीच्या धाकानं शेवटची बटसुद्धा मोकळी केली. दादा तसाच खांबाला.

"वाच," बाबा म्हणाले.

तेव्हा वहिनी बोलली. अगदी हळू. "बेबी, ते दुसरी गोष्ट वाच ना. दगूडवाली."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "कोणती गोष्ट?"

"पुढं आहे, बाबा," मी म्हणाले. "ते पान अजून आलं नाई."

"मंग आलं का वाचू," बाबा म्हणाले.

मी वाचलं. पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत, खणखणीत. वहिनी तो निळसर गढूळ पाण्याचा लोटा दोन्ही हातांनी धरून प्यायली. अर्धा झाल्यावर तिला ओकारी आली, तर बाबा म्हणाले, "पूर्ण."

चौथ्या दिवशी तिला हगवण लागली. सातव्या दिवशी ताप. मग ताप उतरेना, आणि पंधरा दिवसांत अंगाचं चिपाड झालं, फक्त पोट नगाऱ्यासारखं टम्म फुगलं. बायका दारातून डोकावून बघून जायच्या. एकीलाही वाटलं नाही की हिला दवाखान्यात न्यावं. काऊन न्यायचं? पुस्तकात लिहिलं होतं तेच झालं होतं. "पोथी बोलली," गाव म्हणालं. बाबांनी आता अर्थ सांगायचीसुद्धा गरज उरली नव्हती. दादा रडला, खूप रडला, आणि मग बाबांनी सांगितलं तसं तिला खाचरात, म्हणजे बैलगाडीत, घालून माहेरी टाकून आला. पोत्यासारखी. ती खाचरात चढवली जात होती तेव्हा मी दारामागं उभी होते. मला अजूनही वाटत होतं की काहीतरी वाचण्यात माझीच चूक झाली असेल.

सिस्टरबाई परतली ती चार दिवसांनी. अंगणात उभी राहून ती बाबांवर ओरडली, मी तिला तशी कधी पाहिली नव्हती. "माझ्या घरी होती ती! माझ्या चादरीवर झोपली! काका, त्याच पुस्तकात पुढं काय लिहिलंय ते तरी वाचा!"

"पुढं आलं का पाहू," बाबा शांतपणे म्हणाले. "तुम्ही आता सांगून राहिल्या. पोथीनं आधीच सांगतलं."

तीच बाई तशीच बस पकडून वहिनीच्या माहेरी गेली आणि तिला गोंदियाच्या दवाखान्यात घातलं. विषमज्वर निघाला. वहिनी वाचली. दादाचं दुसरं लग्न पुढच्या वैशाखात झालं.

मी पुढं शिकले, मास्तरीण झाले, गोंदियाजवळ फुलचूरला घर बांधलं. नोकरीत असताना एका निवृत्त पाद्रीबाबांना गाठून मी त्या पानाबद्दल विचारलं होतं. ते म्हणाले, काही विद्वानांच्या मते तो विधी बाईला वाचवण्यासाठीच होता. संशयानं पेटलेल्या नवऱ्याच्या हातून तिला सोडवून देवाच्या हवाली करायचं, कारण चिमूटभर धुळीच्या पाण्यानं कोणी मरत नाही. असेल. त्यांच्या वाळवंटातली धूळ कोरडी असेल. मग मी दगडांच्या गोष्टीबद्दल विचारलं, तर त्यांनी ते पान उघडून मला त्या गोष्टीभोवतीचा कंस दाखवला. सगळ्यात जुन्या हस्तलिखितांत ही गोष्ट सापडतच नाही म्हणे, नंतर कोणीतरी घातली. मी त्यांच्यासमोर हसले. त्यांना वाटलं बाई श्रद्धाहीन आहे. मला एवढंच वाटत होतं, की ज्या कोणी ती गोष्ट नंतर घुसवली तो निदान माझ्यापेक्षा बरा. त्यानं पदरचं घातलं. मला तेवढंही जमलं नव्हतं.

बाबांचा दुसरा डोळाही गेला. वाचन त्या चौथ्या पुस्तकावरच थांबलं होतं, कारण वहिनीच्या दुखण्यात खंड पडला, मग मी गोंदियाला शिकायला गेले आणि दुसरं कोणी वाचणारं नव्हतं. अर्धी पोथी ठेवून मरायचं म्हणजे त्यांना मरणापेक्षा भारी. शेवटच्या वर्षी मी सुट्टीत गेले की ते हात चाचपत म्हणायचे, "बेबी, तेवढं पुरं कर वं. मले जाऊ दे." मी म्हणायची, "माझा घसा बसला आहे, बाबा." प्रत्येक वेळी घसा बसलेला. माय रडायची, म्हणायची, दगडाच्या काळजाची आहेस. बाबा अर्ध्या पोथीवरच गेले. ते मी वहिनीसाठी केलं, असं मी स्वतःला सांगत आले. पण वहिनी तर दोन तासांच्या अंतरावर जिवंत होती, भावाच्या घरी, भावजयीची बोलणी खात. तिच्याकडे मी एकदाही गेले नाही. बापाला छळणं सोपं होतं.

मागच्या शिवरात्रीला नातवंडांच्या हट्टानं प्रतापगडच्या जत्रेला गेले. पायथ्याशी एक म्हातारी उकडलेले शिंगाडे विकत बसली होती. मी ओळखलं नाही. तिनं ओळखलं. "बेबी ना तू?" म्हणाली आणि पोत्याचा कोपरा सरकवून मला बसायला जागा केली. नातवंडांच्या हातावर शिंगाडे ठेवले, पैसे घेईना. मी बसले, आणि एवढ्या वर्षांचं भडाभडा सांगून टाकलं. अंडी, भीती, पोथीवरचा विश्वास. गंमत वाटत होती, तेही सांगितलं. म्हटलं, मी एक शब्द बोलले असते तर. गर्दी आमच्या अंगावरून जात होती. ती सोलून सोलून शिंगाडे टोपलीत टाकत होती.

"तू मधात थांबली होती," ती म्हणाली.

"कधी?"

"वाचता वाचता. पोट फुगन म्हणते ना, त्याच्या आंदी. थांबली. मी तुह्या तोंडाकडं पाहून राहिली होती. मले वाटलं, आता बोलते हे पोरगी. आता सांगते. तुनं बाजूचा गिलास उचलला, पाणी पेली, ओढणीनं तोंड पुसलं, अन् मंग पुढचं वाचलं."

मला हे आठवत नाही. तो दिवस मी हजार वेळा मनात वाचला आहे, शाईचा रंग आठवतो, मातीचा वास आठवतो, पण तो पाण्याचा गिलास त्यात कुठंच नव्हता. वहिनीनं हातातला शिंगाडा सोलून पुरा केला आणि माझ्याकडे पाहिलं. तिच्या आवाजात राग नव्हता. खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखं तिनं विचारलं.

"लय तहान लागली होती का वं तुले?"